नौकेच्या तळाचा पहारेकरी

पावसाळी मासेमारीबंदी संपते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो आणि शाकारून ठेवलेल्या नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. या काळात रंगरंगोटी, इंजिनाची दुरुस्ती आणि जाळ्यांची डागडुजी यांवर नाखवा मंडळी मोठा खर्च करतात. मात्र नौकेच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवणारा, हाताच्या पंजात मावेल एवढा एक स्विच बहुधा सर्वांत शेवटी आठवतो. नौका खाडीत नांगरून खलाशी घरी गेले, की तिच्यावर रात्रभर जागे राहणारे तेवढेच एक साधन असते. म्हणूनच हा स्विच कसा निवडावा आणि कसा बसवावा, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

नौकेच्या तळातील ज्या खोलगट भागात पाणी जमते त्याला ‘बिल्ज’ म्हणतात. हे पाणी अनेक वाटांनी येते. पंख्याचा शाफ्ट जेथून बाहेर जातो, तेथील पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी झिरपते. सेकंदाला एक थेंब असा हिशेब धरला तरी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी आत येते. लाकडी नौकेच्या फळ्यांचे सांधे, मासळीच्या खणात वितळणारा बर्फ आणि लाटांचे तुषार यांची त्यात भर पडते. पावसाचे पाणी तर वेगळेच. आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद उघड्या होडीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर तिच्यात जवळजवळ दीड टन पाणी साचते. कोकणात एका रात्रीत एवढा पाऊस होणे नवलाचे नाही. शिवाय हे पाणी एका जागी थांबत नाही. नौका कलली की तेही त्याच बाजूला धावते आणि तिला अधिक कलवते.

स्विचचे प्रकार

सर्वाधिक प्रचलित आणि स्वस्त प्रकार तरंगत्या स्विचचा. पाणी चढले की बिजागरीवरचा तरंगता भाग वर उचलला जातो आणि पंपाचा विद्युतप्रवाह सुरू होतो; पाणी उतरले की तो खाली येऊन पंप थांबवतो. जुन्या स्विचांत यासाठी पारा वापरत असत. पारा विषारी असल्याने, २०१७ मध्ये अमलात आलेल्या मिनामाता आंतरराष्ट्रीय करारात अशी उपकरणे बाद करण्याचे ठरले. जुना स्विच पाऱ्याचा असेल तर तो फोडू नये अथवा पाण्यात टाकू नये. तरंगत्या स्विचचा मुख्य शत्रू म्हणजे कचरा. माशांचे खवले, जाळ्याचा तुटका दोरा किंवा प्लास्टिकची पिशवी बिजागरीत अडकली, की तो वर उठत नाही किंवा खाली येत नाही. मासेमारी नौकेवर जाळीदार आवरणाचा स्विचच घ्यावा.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक स्विचचा. त्यात हलणारा भाग नसतो. संवेदक पाण्याचा स्पर्श ओळखतो. लाटेने पाणी क्षणभर हिंदकळले म्हणून पंप सुरू होऊ नये, यासाठी अनेक स्विचांत काही सेकंदांचा विलंब ठेवलेला असतो. मात्र संवेदकावर तेलाचा किंवा चिखलाचा थर बसला तर त्याची फसगत होऊ शकते. तो वरचेवर पुसावा लागतो.

तिसरा प्रकार हवेच्या दाबावर चालतो. उलट्या पेल्यासारखे भांडे तळाशी ठेवलेले असते. पाणी चढले की त्यातील हवा दाबली जाते आणि नळीवाटे वर कोरड्या जागी बसवलेला स्विच चालू होतो. विद्युतभाग पाण्यापासून दूर राहतो हा याचा मोठा गुण. पण नळीला बारीकशी चीर पडली तरी तो निकामी ठरतो.

कोणताही प्रकार घेतला, तरी दोन गोष्टी पाहाव्यात. स्विचची अँपिअर क्षमता पंपाला लागणाऱ्या प्रवाहापेक्षा भरपूर अधिक असावी. तसेच पंप सुरू होण्याची आणि बंद होण्याची पातळी यांत काही सेंटिमीटरचे अंतर असावे. हे अंतर का हवे, ते पुढे स्पष्ट होईल.

जागा आणि नळी

नौका नांगरलेली असताना आणि चालू असताना तळातील पाणी एकाच जागी राहत नाही. वेग घेतला की नाळ वर उचलली जाते आणि पाणी मागे जाते. म्हणून बादलीभर पाणी ओतून ते कोठे जमते हे आधी पाहावे. स्विच पंपाच्या शेजारी, त्याच पातळीवर किंवा किंचित वर बसवावा. तो पंपाहून खाली बसवला, तर पंप जे पाणी ओढू शकत नाही त्यात स्विच तरंगत राहील आणि पंप कोरडाच फिरत राहील. नौकेच्या बुडात थेट स्क्रू मारू नयेत. फायबरच्या नौकेत आधी एक ठोकळा चिकटवून त्यावर स्विच बसवणे सुरक्षित असते.

पंप थांबला की नळीतील पाणी परत तळाशी येते. २५ मिलिमीटर व्यासाच्या तीन मीटर नळीत सुमारे दीड लिटर पाणी मावते. तळाची जागा अरुंद असेल, तर एवढ्या पाण्यानेही स्विच पुन्हा वर उठतो, पंप पुन्हा सुरू होतो आणि हे चक्र बॅटरी उतरेपर्यंत चालू राहते. दोन पातळ्यांतील अंतर हवे ते याचसाठी. नळीत एकमार्गी झडप बसवण्याचा मोह टाळावा, कारण कचऱ्याने ती बंदच राहिली तर ऐन वेळी पाणी बाहेर पडत नाही.

नळीचे बाहेरचे तोंड पूर्ण भरलेल्या नौकेच्या पाणरेषेच्याही बरेच वर असले पाहिजे. बर्फ, डिझेल आणि मासळी भरल्यावर नौका खोल बसते. ते तोंड पाण्याखाली गेले, तर ज्या वाटेने पाणी बाहेर जायचे त्याच वाटेने समुद्र आत येऊ शकतो.

विजेची जोडणी

नौका सोडताना मुख्य स्विच बंद केला जातो. पंपाची वायर त्या स्विचनंतर जोडलेली असेल, तर स्वयंचलित पंपही त्याबरोबर बंद होतो. म्हणून त्याची वायर बॅटरीच्या धन टोकावरून स्वतंत्रपणे घ्यावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा. फ्यूज पंपाच्या उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचाच असावा. मोठा फ्यूज घातला, तर कचरा अडकून पंप थांबल्यावर वायर तापून आगीचा धोका उद्भवतो. तरंगता स्विच धन बाजूच्या वायरवरच जोडावा. ऋण बाजूवर जोडल्यास पंप बंद असतानाही त्यापर्यंत वीज पोहोचलेली राहते आणि गळतीच्या प्रवाहाने नौकेचे धातूचे भाग झिजू शकतात. केबिनमध्ये ‘स्वयंचलित, बंद, हाताने’ असा तीन स्थितींचा स्विच ठेवावा, म्हणजे तळाचा स्विच बिघडला तरी पंप चालवता येतो.

वायरची जाडीही महत्त्वाची आहे. १२ व्होल्टचा, १० अँपिअर घेणारा पंप बॅटरीपासून पाच मीटरवर असेल, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे पाऊण व्होल्ट वाया जातो; सहा चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याच्या निम्म्याहून कमी. कथिलाचा लेप असलेली तांब्याची वायर खाऱ्या हवेत अधिक टिकते. सर्व सांधे पाण्याच्या पातळीच्या वर घ्यावेत आणि तापवल्यावर आवळणाऱ्या, आतून चिकट द्रव्य असलेल्या नळीने बंद करावेत. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा फार काळ टिकत नाही.

पंपावर किती भिस्त ठेवावी?

पाणरेषेखाली साठ सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचे छिद्र पडले, तर मिनिटाला साठ लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी आत येते. पंपावर छापलेली क्षमता पाणी वर चढवण्याचा भार नसतानाची असते. उंची, नळीची वळणे आणि उतरलेली बॅटरी यांमुळे ती बरीच घटते. बॅटरीलाही मर्यादा आहे. १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतील निम्मी वीज वापरायची ठरवली, तर आठ अँपिअरचा पंप सलग जेमतेम सहा तास चालेल. पहाटेपर्यंत तेवढे पुरेलच असे नाही.

आणखी एक धोका सहज लक्षात येत नाही. पंप आपोआप चालतो म्हणून तळ कोरडा दिसतो आणि गळती वाढत असल्याचे कोणाला कळतच नाही. मग एखाद्या रात्री बॅटरी संपते आणि आदल्या दिवसापर्यंत ‘ठणठणीत’ असलेली नौका सकाळी बुडालेली आढळते. म्हणून पंप चालू असताना पेटणारा दिवा केबिनमध्ये लावावा आणि शक्य असल्यास पंप किती वेळा चालला हे मोजणारा गणकही बसवावा. दिवसातून दोनदा चालणारा पंप दहादा चालू लागला, तर पॅकिंग किंवा सांधे तपासायची वेळ झाली असे समजावे. याखेरीज काही सेंटिमीटर वर दुसरा स्वतंत्र स्विच बसवून त्याला मोठा भोंगा जोडावा. पहिला स्विच अडकला, तर शेजारच्या नौकेवरील माणसे तरी धावून येतील.

स्वयंचलित स्विचला पाणी आणि डिझेल यांतील फरक कळेलच असे नाही. इंजिनाखाली तेल गळत असेल, तर पंप ते बंदराच्या पाण्यात टाकील. इंजिनाखाली ताट ठेवून ते नियमित रिकामे करणे हाच त्यावरचा उपाय होय.

दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप सुरू होतो का आणि थांबतो का, हे पाहावे. नौका सोडण्यापूर्वी जाळी साफ करून तरंगता भाग हाताने उचलून बघावा. पाच मिनिटांचे हे काम आहे. ते झाले, तर घरी झोपलेल्या नाखव्याला पावसाच्या सरी ऐकताना नौकेची काळजी थोडी कमी वाटेल. हाताने पाणी उपसण्याची बादली मात्र नौकेवर असलीच पाहिजे.