मांजराचे वय आणि माणसाचे वय

आपले रावेत शेतकऱ्यांचे गाव होते तेव्हा मांजर पाळीत ते धान्याच्या राखणीसाठी. उंदरांचा बंदोबस्त हे त्याचे काम आणि मोकळे फिरणे हा त्याचा हक्क. १९९७ साली गाव महानगरपालिकेत आले, पुढे पवनेकाठच्या शेतांत उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि मांजरही माणसाबरोबर बंद दाराआड राहू लागले. रस्त्यावरचे धोके टळले की मांजर चौदा-पंधरा वर्षे जगू शकते. त्यामुळे पूर्वी क्वचित दिसणारी गोष्ट आता घरात दिसते. ती म्हणजे मांजराचे म्हातारपण.

ते ओळखावयाचे कसे? मांजराच्या वयाला ७ ने गुणले की माणसाचे वय निघते, असे सर्रास सांगतात. हिशेब सोपा आहे, पण खरा नाही. भाटी सहाव्या महिन्याच्या सुमारास गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांनी विते. म्हणजे पहिले वर्ष भरण्याआधीच ती आई होते. सातच्या हिशेबाने तेव्हा तिचे वय सातही भरत नाही!

याचे कारण उघड आहे. वाढीचा वेग जन्मभर सारखा नसतो. म्हणून पशुवैद्य टप्प्यांनी मोजतात : मांजराचे पहिले वर्ष संपले की माणसाची १५ वर्षे, दुसरे संपले की २४, आणि पुढे दर वर्षाला ४. या रीतीने १० वर्षांचे मांजर ५६ वर्षांचे ठरते, १५ वर्षांचे ७६.

अर्थात हा अंदाज आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ‘क्रीम पफ’ नावाचे मांजर १९६७ ते २००५, अशी ३८ वर्षे जगले. या हिशेबाने ते १६८ वर्षांचे होते!

मग उपयोग काय? मांजर दुखणे लपविते. ते उडी मारीनासे झाले की आपण त्याला आळशी म्हणतो. पाणी अधिक पिऊ लागले की उन्हाळ्याला दोष देतो. पण त्याचे सांधे दुखत असतील. वाढलेली तहान आणि घटलेले वजन ही मूत्रपिंडाच्या विकाराची खूण असू शकते. वृद्ध मांजरांत हा विकार पुष्कळ आढळतो. तो बरा होत नसला, तरी वेळीच कळल्यास योग्य आहाराने त्याची चाल मंदावते. म्हणून दहाव्या वर्षानंतर वर्षातून एकदा, शक्य तर दोनदा, पशुवैद्याकडून रक्त व लघवी तपासून घ्यावी.

घरच्या मांजराला आपण अखेरपर्यंत ‘पिल्लू’ म्हणतो. खुशाल म्हणावे, फक्त त्याचे खरे वय विसरू नये.