नातवंडं परदेशात, कागद गावात : अडीनडीला धावपळ नको असेल तर हे आधी करा

मागच्या कार्तिकात आमच्या भावकीतल्या एक काकी गेल्या. मुलगा इंग्लंडात नोकरीला. तो सावडायच्या दिवशी सकाळी पोहोचला, पण एकटाच. बायको आणि चार वर्षांची लेक तिकडेच राहिली. तिकिटाला पैसे नव्हते असं नाही. लेकीकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, पण भारतात यायला व्हिसा नव्हता आणि ओसीआय कार्डही नव्हतं. काकींनी नात फक्त मोबाईलवर पाहिली होती. प्रत्यक्ष भेट राहिली ती राहिलीच.

दहावा झाल्यावर तो ओट्यावर बसला होता. म्हणाला, "भाऊ, आम्हाला वाटलं पोरीला दोन पासपोर्ट मिळतील. हिच्याकडे आहेत की दोन." सूनबाई ब्रिटनमध्ये जन्मलेल्या. त्यांचे वडील ब्रिटिश, आई थायलंडच्या. त्यांच्याकडे ब्रिटिश आणि थाई असे दोन्ही पासपोर्ट आहेत आणि दोन्ही कायदेशीर आहेत. तोच हिशोब त्यांनी लेकीच्या बाबतीत धरला आणि तिथंच गाडी फसली.

मी काही वकील नाही. शेती करतो आणि बातम्या देतो. पण आता आपल्या तालुक्यातही अशी घरं होऊ लागली आहेत. कुणाची लेक लंडनला, कुणाचा जावई गोरा, कुणाची नातवंडं तिकडंच जन्मलेली. म्हणून जे समजून घेतलं ते सरळ भाषेत मांडतोय.

दोन पासपोर्ट कुणाला चालतात?

ब्रिटन आपल्या नागरिकाला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व ठेवू देतं. थायलंडच्या कायद्यात आई किंवा वडील थाई असतील तर मूल जन्मतःच थाई, मग जन्म परदेशात का होईना. लंडनच्या थाई वकिलातीत जन्माची नोंद करून पासपोर्ट काढता येतो. त्यामुळे ब्रिटिश-थाई घरात मुलांचे दोन पासपोर्ट असणं नेहमीचं. ही मंडळी थायलंडमध्ये थाई पासपोर्टवर उतरतात आणि ब्रिटनमध्ये ब्रिटिश पासपोर्टवर. त्यातही २५ फेब्रुवारी २०२६ पासून ब्रिटनने नियम कडक केलाय. अशा दुहेरी नागरिकाने ब्रिटनला परतताना ब्रिटिश पासपोर्ट किंवा तिथं राहण्याच्या हक्काचा दाखला दाखवायचा. नुसत्या थाई पासपोर्टवर गेलं तर विमानात बसायलाच अडचण.

भारताचं तसं नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ यांचा अर्थ एकच. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, ते आपोआप संपतं. मग जुना भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून त्याचा दाखला घ्यावा लागतो. "अजून मुदत आहे ना पासपोर्टला, एक फेरी मारून येऊ" असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. तो गुन्हा आहे. मतदानाचंही तेच. मतदार यादीत नाव राहिलं म्हणून परदेशी नागरिकाने इथं येऊन मत देऊ नये.

म्हणजे काकींच्या नातीला ब्रिटिश आणि थाई असे दोन पासपोर्ट मिळू शकतात. ब्रिटिश आणि भारतीय असे दोन मिळू शकत नाहीत.

बाळाचं पहिलं वर्ष महत्त्वाचं

ब्रिटनमध्ये जन्मलं म्हणजे बाळ ब्रिटिश झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. १ जानेवारी १९८३ पासून तसं नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश असतील, किंवा त्यांना तिथं कायम राहायची परवानगी मिळालेली असेल, तरच बाळ जन्मतः ब्रिटिश. दोघंही मुदतीच्या व्हिसावर असतील तर नाही.

आता आई-वडिलांपैकी एक भारतीय असेल तर बाळाची नोंद भारतीय वकिलातीत जन्मापासून एक वर्षाच्या आत करून भारतीय नागरिकत्व घेता येतं. पण त्यासाठी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आई-वडिलांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. एखादं मूल दोन्हीकडचं नागरिक ठरलंच, तर १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं, नाहीतर भारताचं जातं.

थोडक्यात, बाळ घरी आलं की नवरा-बायकोने एकदा बसून ठरवायचं, भारतीय पासपोर्ट की ब्रिटिश. ब्रिटिश ठरलं तर त्याच महिन्यात ओसीआयचा अर्ज करायचा. "पुढं गावाला जायचं ठरलं की बघू" असं म्हणायचं नाही.

ओसीआय म्हणजे काय आणि काय नाही

ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. नावात सिटिझन असलं तरी हे नागरिकत्व नाही. आयुष्यभराचा, कितीही वेळा येण्याजाण्याचा व्हिसा समजा. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आधी पीआयओ नावाचं कार्ड वेगळं होतं. ते जानेवारी २०१५ मध्ये ओसीआयमध्ये मिळवून टाकलं.

आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांच्यातलं कुणी भारतीय असेल तर नातवंडाला हे कार्ड मिळू शकतं. पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व घराण्यात असेल तर मिळत नाही.

अर्ज करताना लोक दोन ठिकाणी अडकतात.

एक, जन्मदाखला. ब्रिटनमध्ये छोटा आणि मोठा असे दोन प्रकारचे दाखले मिळतात. छोट्यावर आई-वडिलांची नावं नसतात. आपल्याला मोठाच लागतो.

दोन, अल्पवयीन मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांची संमती आणि सह्या.

कार्ड मिळालं म्हणजे कायमची सुट्टी नाही. वीस वर्षांचा होईपर्यंत मुलाचा पासपोर्ट जितक्या वेळा बदलेल, तितक्या वेळा नवा पासपोर्ट आणि नवा फोटो तीन महिन्यांत ऑनलाइन चढवायचा. त्याला पैसे पडत नाहीत. वीसनंतर पहिला नवा पासपोर्ट निघाला की कार्ड एकदा नव्याने काढून घ्यायचं. पन्नाशीनंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टला परत एकदा कागद चढवायचे. जुना पासपोर्ट सोबत बाळगायची अट मात्र २०२१ मध्ये काढून टाकली आहे.

सून किंवा जावई परदेशी असेल तर

भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआयधारकाच्या परदेशी जोडीदारालाही कार्ड मिळतं. अट अशी की लग्नाची नोंद झालेली हवी आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं संसार झालेला हवा. घटस्फोट झाला तर हे कार्ड जातं. जोडीदाराने प्रत्येक नव्या पासपोर्टला कागद ऑनलाइन चढवावे लागतात.

ही दोन वर्षं होईपर्यंत व्हिसावरच यावं लागतं. ब्रिटिश पासपोर्टवर पर्यटनाचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, वर्षाचाही मिळतो. घरात म्हातारं माणूस आजारी असेल तर निदान तेवढा तरी काढून ठेवावा. काकींच्या मुलाने हा व्हिसा आधी काढून ठेवला असता तर तिघंही एकाच विमानात बसले असते.

निम्मं काम ग्रामपंचायतीत अडतं

हे वाचून वाटेल की सगळं लंडनला होतं. तसं नाही. अडचण बहुतेकदा आपल्याच दप्तरात निघते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. आपल्याकडं लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, पण तिच्या जुन्या पासपोर्टवर माहेरचंच असतं. वकिलातीतल्या माणसाला "आमच्यात असंच असतं" हे सांगून चालत नाही, त्याला कागद लागतो.

तेव्हा पोरगं किंवा पोरगी परदेशी जायच्या आधीच पुढची कामं करून घ्या.

जन्माची नोंद काढा. जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" असतं. नाव चढवून घ्या. नोंदच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याला वेळ जातो. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या भारतीय पासपोर्टला जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही.

लग्नाची नोंद करा. गावात ग्रामसेवकाकडे १९९८ च्या राज्याच्या कायद्याखाली नोंद होते आणि नमुना ई मध्ये दाखला मिळतो. पत्रिका आणि फोटो हे दाखला नव्हेत. वर किंवा वधू परदेशी असेल आणि लग्न इथं करायचं असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात किमान ३० दिवस मुक्काम हवा आणि नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. पंधरा दिवसांच्या सुट्टीत हे बसत नाही.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क त्यावर हवा. परदेशात दाखवायच्या दाखल्यावर अपोस्टिल शिक्का लागू शकतो. आधी राज्य सरकारची पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारत २००५ पासून या करारात आहे आणि ब्रिटनही आहे, म्हणून हा एक शिक्का पुरतो.

एकट्या आईसोबत किंवा बापासोबत लेकरू

मे महिन्याच्या सुट्टीत बऱ्याचदा आई एकटीच लेकरू घेऊन येते. ब्रिटनमधून मूल बाहेर न्यायचं तर पालकत्वाचा हक्क असलेल्या प्रत्येकाची संमती कायद्याने लागते. घरात सगळं गोडीगुलाबीचं असलं तरी दुसऱ्या पालकाचं सही केलेलं पत्र, प्रवासाच्या तारखा आणि मुलाचा मोठा जन्मदाखला सोबत असू द्यावा. आई आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर नक्कीच.

वाद असेल तर जपून. मुलं परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबाबतचा हेगचा १९८० चा करार आहे. त्यात ब्रिटन आहे, थायलंड आहे, भारत नाही. त्यामुळे मूल इथं आणून ठेवलं तर प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळू शकतं आणि मधल्या मधे लेकराचे हाल होतात. आजी-आजोबांनीही "राहू दे इथंच" म्हणताना विचार करावा.

पाहुणा घरी उतरला की

परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा घरी मुक्कामाला आला तर त्याची माहिती २४ तासांत कळवायची असते. लॉजवालेच नव्हे, घरमालकही यात येतो. नोंद ऑनलाइन होते. जमत नसेल तर पाहुणा यायच्या आधीच पोलीस ठाण्यात जाऊन विचारून ठेवा. सून घरचीच असली तरी पासपोर्ट परदेशी आहे हे विसरू नका.

आणि शेवटी जमीन

आपल्याकडं खरी गाठ इथं बसते. परदेशात राहणाऱ्या मुलाला, त्याचा पासपोर्ट भारतीय असो की त्याच्याकडे ओसीआय कार्ड असो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांना बक्षीसपत्राने देताही येत नाही. वारसाने मात्र मिळते. नंतर ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. त्यामुळे "जिवंतपणीच पोराच्या नावावर करून टाकतो" म्हणणाऱ्या अण्णा-तात्यांनी दस्त करण्याआधी जाणकार वकिलाला विचारावं.

वारस नोंदीसाठी मुलाला यायला जमत नसेल तर तो कुलमुखत्यारपत्र पाठवू शकतो. ते लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात किंवा बर्मिंगहॅम, एडिंबराच्या भारतीय वाणिज्य दूतावासात करता येतं. नाहीतर तिथल्या नोटरीपुढं करून त्यावर अपोस्टिल घ्यायचं. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. पाकीट कपाटात ठेवून विसरलात तर ऐन वेळी दंड आणि हेलपाटे.

ओट्यावरून उठताना काकींच्या मुलाने विचारलं, "आता कार्ड काढून काय करू? आई तर गेली." म्हटलं, वडील आहेत अजून. त्यांनी तरी नात मांडीवर घेऊ दे. माघात त्याचा फोन आला, अर्ज भरला म्हणून. मोठा जन्मदाखला काढला, दोघांच्या सह्या झाल्या. काका आता रोज विचारतात, कार्ड आलं का. परसातल्या आंब्याला मोहोर धरलाय. नात येईल तेव्हा दोन तरी आंबे झाडाला असावेत, एवढंच त्यांचं म्हणणं.