सरांना द्यायचं काय?

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा उरला की बीडच्या आष्टी तालुक्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. सरांना काय द्यायचं? उत्तरं ठरलेली. भिंतीवरचं घड्याळ, पेनसेट, फोटोफ्रेम, मॅडमना साडी. मग कुणीतरी ‘प्रत्येकी शंभर काढू’ म्हणतं. ज्यांना शंभर जड जातात, ते पुढचे दोन दिवस ग्रुपवर काहीच बोलत नाहीत.

एवढ्याशा प्रश्नाभोवती किती समज साचलेत! सगळ्यात पक्का समज म्हणजे गुरुदक्षिणा ही आपली परंपरा, तेव्हा ती घसघशीतच हवी. ज्या गोष्टीच्या नावानं आपण दसऱ्याला आपट्याची पानं वाटतो, तीच जरा नीट आठवून पाहू. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स शिक्षण संपल्यावर दक्षिणा काय देऊ म्हणून विचारतो. गुरू म्हणतात, तू मनापासून सेवा केलीस, तेवढं पुरे. कौत्स ऐकत नाही, हट्टच धरतो. तेव्हा कुठे गुरू चिडून चौदा विद्यांचे चौदा कोटी मागतात. पुढचा रघुराजा, कुबेर आणि सोन्याचा पाऊस सगळ्यांना तोंडपाठ असतो. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तही गुरूंचा आधीचा नकार स्पष्ट आहे, आपण लक्षात ठेवलं ते फक्त सोनं. आणि मागून घेतलेल्या दक्षिणेची गोष्ट हवी असेल तर एकलव्याचा अंगठा आहेच.

दुसरीकडे कायद्याबद्दल एकाच गावात दोन उलट समज ऐकू येतात. एक म्हणतो, सरकारी माणसाला फूलसुद्धा देता येत नाही. दुसरा म्हणतो, आपण खुशीनं देतोय, त्यात कायदा कुठून आला? दोघंही चुकतात. जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांना ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, 1967’ लागू आहेत आणि भेटवस्तू घेण्यावर त्यात बंधनं आहेत. खासगी अनुदानित शाळांसाठी 1981 ची वेगळी नियमावली आहे. देणाऱ्यानंही निर्धास्त राहू नये. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. मुलानं हातानं केलेल्या कार्डानं किंवा रानातल्या चार फळांनी कुणाची नोकरी अडचणीत येत नाही. पाकिटानं, सोन्यानं, मोबाईलनं येऊ शकते. माझी कसोटी साधी आहे. जी वस्तू भर वर्गात, सगळ्यांसमोर देता येत नाही, ती देऊच नये. आणि जे द्यायचं ते संकलित मूल्यमापनाचे पेपर तपासून झाल्यावर द्यावं, म्हणजे सरांनाही संकोच नाही आणि गावालाही बोलायला जागा नाही.

‘सगळ्यांनी सारखी वर्गणी काढली की कुणाला कमीपणा नाही’ हाही असाच गोड गैरसमज. आमच्या लहानपणी एका शाळेत वर्गणी दिलेल्यांची नावं फळ्यावर लिहीत. फळ्यावर ज्याचं नाव नसे, तो त्या दिवशी मधल्या सुट्टीत खेळायला येत नसे. मोफत शिक्षणाचा हक्क 2010 पासून कायद्यानं आहे. तिथं वर्गात उभं करून वर्गणी मागणं शोभत नाही. पालकांना एकत्र काही करायचंच असेल तर रक्कम ठरवू नये, यादी करू नये, आणि कुणी काय दिलं हे सरांनाही कळू देऊ नये.

आता आष्टीची खरी गोष्ट. इथं पहिलं सत्र संपणं आणि पुण्यात सत्र संपणं यात फरक आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या कोपीत. काही मुलं आजीजवळ राहतात, काही गावातल्या हंगामी वसतिगृहात, आणि काही आईबापांबरोबर फडावर जातात. ‘उसाला जाणाऱ्यांनी सरांना काय द्यायचं?’ असं लोक कनवाळूपणानं म्हणतात. खरं तर सरांना दुकानात न मिळणारी वस्तू याच आईबापांपाशी असते. निघायची तारीख, कारखान्याचं नाव, जवळचं गाव, मुकादमाचा फोन नंबर. एवढं चार दिवस आधी कळलं तर सर मुलाचं शिक्षण हमी पत्रक तयार करून देऊ शकतात, आणि तिकडच्या शाळेत मुलाला त्याच्या इयत्तेत बसता येतं. दाखला उशिरा आला या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, हेही शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. रात्री ट्रॅक्टर आला आणि सकाळी बाकावर तीन मुलं कमी, या दृश्याला जो शिक्षक दरवर्षी सामोरा जातो, त्याला तो कागदाचा चिटोरा घड्याळापेक्षा किती मोलाचा वाटत असेल!

‘सरांना काय कमी, त्यांना साधंसुधं काय द्यायचं?’ असंही म्हणतात. नव्यानं लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन 2023 पर्यंत महिना 6,000 रुपये होतं, आता 16,000 आहे. त्यातला कुणी दुसऱ्या जिल्ह्यातून येऊन भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या खोलीत तुमची सहावी फोटोफ्रेम टांगायला खिळासुद्धा उरलेला नसतो. शालींचंही तेच. टॉवेल-टोपीचा निदान उपयोग तरी होतो.

मग पत्र? ‘पोराच्या चिठ्ठीला काय किंमत!’ असं म्हणणारे पालक बहुधा स्वतः कधी वर्गासमोर उभे राहिलेले नसतात. मात्र चिठ्ठी नेमकी हवी. ‘तुम्ही खूप छान शिकवता’ हे वाक्य सरांनी शंभरदा वाचलेलं असतं. ‘हातच्याची वजाबाकी तुम्ही चिंचोक्यांवर दाखवली तेव्हा मला समजली’ हे वाक्य ते पाकिटात जपून ठेवतील. आईला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं आणि पोरानं लिहावं. तशी चिठ्ठी तर आणखी ऐकण्यासारखी होते. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना सुचते. शिक्षकाविरुद्ध तक्रारीचा अर्ज कुठं द्यायचा हे गावात पोरासोरांनाही माहीत असतं. पण आष्टीच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे कौतुकाचाही अर्ज देता येतो. साध्या कागदावर, सह्यांनिशी. त्याला शंभर रुपये लागत नाहीत.

शाळेलाच काही देणं हा चांगला मार्ग. दहावीची मुलं जाताना पंखा, माईक नाहीतर पाण्याचा जार देऊन जातात. फक्त वस्तू मुख्याध्यापकांच्या हाती ठेवून फोटो काढला की काम झालं असं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. काय हवंय ते आधी तिथं विचारावं, आणि दिलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढली का ते पाहावं. पंख्यापेक्षा देणाऱ्याचं नाव मोठं रंगवू नये, एवढं सांगावंसं वाटतं. नाहीतर तिथीभोजन आहे. पोषण आहाराच्या योजनेत गावकऱ्यांना एखाद्या दिवशी सगळ्या मुलांना गोडधोड घालता येतं. त्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही पहिल्या पंक्तीला बसवा. सत्रभर खिचडी त्यांनीच शिजवलेली असते.

राहता राहिलं फळ. 23 सप्टेंबर 2022 ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि भेटवस्तू आणायला नगर गाठणं सोपं झालं खरं, पण ऐन सत्राच्या शेवटी बालाघाटाच्या डोंगरात जे पिकतं ते नगरच्या दुकानात शोधायची गरज नाही. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याबाबतही एक चूक सगळे करतात. मऊ झालेली, आजच खायची फळं शेवटच्या दिवशी सरांच्या हातात देतात. सर त्याच दुपारी एसटीनं गावी निघालेले असतात आणि पिशवीचा चिखल होतो. डोळे उघडलेली पण अजून टणक असलेली फळं निवडा, खाली-वर वाळलं गवत घाला. दोन-चार दिवसांत ती सरांच्या घरी, त्यांच्या पोरांच्या हातात पिकतील. चिठ्ठी मात्र फळांखाली ठेवू नका, शाई फुटते.