विश्लेषण : दाढी करताना गाल नेमका का कापतो?

नवे ब्लेड लावले की कापते, म्हणून जुनेच चार दिवस ओढायचे, असा अनेकांचा हिशेब असतो. तो उलटा आहे. बोथट ब्लेड केस कापण्याऐवजी ओढते, मग हात नकळत जोर लावतो आणि त्वचेचा एखादा उंचवटा पात्याखाली सापडतो. नव्या ब्लेडने कापते ते जुन्या ब्लेडवर लागलेली दाबायची सवय सुटत नाही म्हणून.

पोलाद केसापुढे हरते कसे?

केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी धार जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी हे कोडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. पाते हळूहळू झिजते असे नाही, तर त्याच्या कडेचे बारीक टवके उडतात. केस पात्यासमोर ताठ न राहता वाकला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची रचना असमान असली, की टवका उडतो.

म्हणून आधी पाणी. केस पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. त्यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात. घाईत तोंडावर मारलेला एक हबका पुरत नाही. आंघोळीनंतर दाढी करणे सर्वांत सोपे. फेसाचे कामही हेच, केस ओला ठेवणे आणि पाते घसरू देणे. फेस जितका जास्त तितकी दाढी चांगली, हा जाहिरातींनी करून दिलेला समज आहे.

गालावरचे केस बहुधा खाली वळलेले असतात. मानेवर मात्र ते आडवे, कधी वरच्या दिशेनेही उगवतात. बोटे फिरवली की कळते. केसांच्या दिशेनेच, छोटे फटके मारत, दर दोन-तीन फटक्यांनंतर रेझर धुवावा. उलट्या हाताने गाल गुळगुळीत होतो खरा. पण कुरळ्या केसांची टोके पुन्हा त्वचेत शिरून फोड येतात.

सलूनमध्ये काय पाहावे?

इथे प्रश्न ओरखड्यापुरता उरत नाही. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो, आणि डोळ्यांना न दिसणारे रक्तही संसर्गाला पुरते. या आजारावर लस आहे, हेपॅटायटिस सी वर नाही. खुर्चीत डोळे मिटून पडण्याआधी वस्तऱ्यात नवे ब्लेड आपल्यासमोर घालायला सांगावे. त्यात भिडेचे काही नाही. तुरटीचा एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरत असेल, तर तो नको म्हणावे. घरातही बापलेकांचा रेझर वेगळाच हवा.

कापलेच तर?

स्वच्छ कापड न उचलता काही मिनिटे दाबून धरावे. स्वतःची तुरटी ओली करून लावल्यास बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी मात्र ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक शेव्हर वापरावा, आणि १०-१५ मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे.