पिट्यूटरीची गाठ : नाकातून जाणारी वाट

पियुषिका म्हणजेच पिट्यूटरी ग्रंथीतली गाठ सहसा कर्करोगाची नसते. तरीही ती दृष्टी घालवू शकते. ग्रंथीच्या अगदी वर दृष्टिनाड्या एकमेकींना छेदतात. गाठ वर सरकली की आधी कडेचे दिसणे जाते. भिलाईत पावर हाउसच्या बाजारातून दुचाकी काढणाऱ्याला समोरचे स्वच्छ दिसते, बाजूने आलेली रिक्षा दिसत नाही, आणि चष्म्याचे नंबर बदलण्यात महिने जातात. 8 जूनच्या जागतिक ब्रेन ट्यूमर दिनी डोकेदुखीइतकेच दृष्टिक्षेत्राच्या तपासणीवरही बोलले जायला हवे.

एमआरआयमध्ये गाठ दिसली तरी आधी रक्तातले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पाहावेच लागते. ते बनवणाऱ्या बहुतेक गाठी कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसतात.

बाकीच्यांवर शस्त्रक्रिया करायची तर बहुधा वाट नाकातून. 1907 मध्ये हर्मान श्लोफर यांनी इन्सब्रूकला ती प्रथम वापरली. 1960च्या दशकात मॉन्ट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. आता दुर्बीणही असते. ग्रंथीखालचे पातळ हाड काढून बहुधा मऊ असलेली गाठ खरवडत, शोषत बाहेर घेतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांचा 118 महाकाय गाठींवरचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा भर आकाराहून आवरणावर आहे, आणि तो पटतो. गाठ कितीही वर चढली तरी बहुतेकदा ग्रंथीवरच्या पडद्याला नुसती उचलते, भेदत नाही. त्यामुळे खालून ती रिकामी होत गेली की पडदा हळूहळू खाली उतरतो आणि वरचा भाग हाती येतो. पडदा भेदून रक्तवाहिन्यांना वेढणारी गाठ फार अवघड. मोठी गाठ अर्धवट सोडली, तर उरलेल्या भागात रक्तस्राव होऊन तो सुजण्याची भीती असते.

म्हणून पहिली शस्त्रक्रिया सरावलेल्या हातांनीच व्हावी. दुसऱ्या खेपेला व्रणामुळे आतल्या खुणा हरवलेल्या असतात. पावर हाउसहून रायपूरचे एम्स 25-30 किलोमीटरवर, नागपूर पावणेतीनशेवर. अंतराआधी विचारावे ते हे की, त्या पथकाने अशा किती गाठी काढल्या आहेत.

शस्त्रक्रियेनंतर लघवी मोजतात. पाण्यासारखी भरपूर झाली तर शरीरात पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन कमी पडत असावे. सोडियम अनेकदा आठवड्याभराने घसरते, तेव्हा रुग्ण घरी असतो. ती रक्ततपासणी गावातच करून घ्यावी. नाकातून स्वच्छ पाणी ठिबकले तर लगेच परतावे. साधारण तीन महिन्यांनी एमआरआय होतो. उरलेला अंश वाढू लागला तर रेडिओसर्जरीचा पर्याय असतो. दृष्टिनाडीला चिकटलेल्या अंशावर मात्र ती सहसा करत नाहीत.