दिसायला सडपातळ, पण रक्तात साखर

मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी, स्थूल माणसाचा आजार, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की, एखाद्या काटकुळ्या माणसाच्या रक्तात साखर वाढलेली निघाली की घरची मंडळी आधी प्रयोगशाळेवरच शंका घेतात. ‘यांच्या अंगावर मांस तरी कुठे आहे?’ हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न योग्यच आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. अंगावर मांस नाही, हेच तर दुखणे आहे!

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे सारे स्थूल आहेत असे मुळीच नाही. पाश्चात्त्यांच्या तुलनेत भारतीयांना हा विकार कमी वजनात आणि कमी वयात गाठतो, हे डॉक्टरांच्या अनुभवास फार पूर्वीपासून येत होते. त्याचे कारण शोधण्याचे महत्त्वाचे काम झाले ते पुण्यात, केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात.

तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. म्हणजे रूढ कोष्टकानुसार दोघेही निरोगी वजनाचे. परंतु डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद निघाला, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. या तफावतीची कारणमीमांसा दोघांनी काहीशी मिश्कीलपणे केली आहे. एक मॅरेथॉन धावतो, तर दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी आत शिरण्यासाठी केलेली धावपळ! मात्र याज्ञिक यांचे जन्मवेळचे वजन कमी होते, हा त्याच लेखातील उल्लेख विनोदापुरता नव्हता.

कारण ही तफावत जन्मतःच असते, हे तोवर दिसू लागले होते. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत सुरू झालेल्या माता पोषण अभ्यासात स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवण्यात आली. शेतात राबणाऱ्या, सरासरी पाच फूट उंचीच्या, बारीक चणीच्या या माता. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे जन्मणाऱ्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्वच मापांत लहान होती. पण सारख्या प्रमाणात नव्हे. स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ बरीच खुंटलेली होती, तर त्वचेखालची, विशेषतः पाठीवरची चरबी बऱ्याच अंशी टिकून होती. पुणे व लंडन येथील नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना केली असता पुण्याच्या लहानखुऱ्या बाळांत इन्सुलिनची पातळी अधिक आढळली. ‘बारीक पण मेदयुक्त’ अशा या भारतीय बाळाची नोंद त्यानंतर जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत झाली.

इन्सुलिनचे कार्य लक्षात घेतले म्हणजे याचे गांभीर्य उमगते. स्वादुपिंडातून स्रवणारे हे संप्रेरक रक्तातील साखरेला पेशींची दारे उघडून देते. जेवणानंतरची बरीचशी साखर सामावून घेण्याचे काम स्नायूंचे. स्नायूच अपुरे असतील, तर साखरेला जायला जागा उरत नाही. दुसरीकडे पोटाच्या पोकळीत आणि यकृतात साठलेली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. मग स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते आणि काही वर्षांनी ते थकते. या वाढीव इन्सुलिनचा उपद्रव साखरेपुरताच मर्यादित नाही. ते स्त्रियांच्या बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवण्यास उद्युक्त करते. पाळीची अनियमितता, चेहऱ्यावरील लव, वंध्यत्व अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या ‘पीसीओएस’च्या अनेक रुग्णांत म्हणूनच पुढे मधुमेहाचा धोका वाढलेला असतो. सडपातळ मुलीही त्याला अपवाद नाहीत.

गर्भात नेमके उणे काय पडते? केवळ उष्मांक, असे उत्तर कुणी देईल. पुण्याच्या अभ्यासात मात्र आईने एकूण किती खाल्ले, यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले, याचा बाळाच्या वजनाशी अधिक संबंध दिसला. पुढे २००८ मध्ये आणखी एक धागा हाती आला. या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती; फॉलिक ॲसिड मात्र पुरेसे होते. ज्यांच्यात ब-१२ कमी व फॉलिक ॲसिड अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. गर्भारपणात दिल्या जाणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद कराव्यात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या गोळ्या आवश्यकच आहेत. शाकाहारी घरांतील मुलींचे ब-१२ तपासून घेण्याकडे होणारे दुर्लक्ष हा खरा प्रश्न आहे.

ही मुले १८ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली. जवळपास निम्म्यांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. असे असूनही मुलग्यांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के जणांत साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. त्यातील बहुतेक मधुमेहपूर्व अवस्थेत होते. त्यांच्या स्वादुपिंडाची वाढीव गरज भागविण्याची क्षमताच तोकडी होती आणि सहाव्या व बाराव्या वर्षीच्या उपाशीपोटीच्या साखरेत त्याची चाहूल लागलेली होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष शहरातल्या पिझ्झा-बर्गरला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी जरूर विचारात घ्यावेत.

कुपोषण आणि मधुमेह यांचे नाते आणखी थेट असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ‘कुपोषणजन्य मधुमेह’ असा स्वतंत्र प्रकार मानला होता. पुरावा अपुरा म्हणून १९९९ मध्ये तो वगळला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील रुग्णांवर झालेले आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन त्याच्या मदतीला आले. अशा अतिकृश रुग्णांत इन्सुलिनला प्रतिरोध नसतो. ते मुळात स्रवतेच कमी, असे त्यात दिसले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील परिषदेत या विकाराला ‘टाइप ५’ असे नाव दिले. सर्वच तज्ज्ञांना हे वर्गीकरण मान्य नाही. पण वाद केवळ नावाचा नाही. अशा रुग्णाला पहिल्या प्रकारचा मधुमेही समजून इन्सुलिनची मोठी मात्रा दिली गेली, तर साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

वजनकाट्यावर विसंबून राहणे भारतीयांना परवडणारे नाही, हे यातून स्पष्ट होते. म्हणूनच आपल्याकडे स्थूलतेकडे झुकणारा बीएमआय २५ नव्हे, तर २३ पासून धरला जातो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक कंबर धोक्याची मानली जाते. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र सुटलेले, अशा शरीरयष्टीच्या व्यक्तीने, आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असल्यास तर नक्कीच, तिशीतच तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान आल्यास ती मधुमेहपूर्व अवस्था. चालण्याच्या जोडीला स्नायू बळकट करणारा व्यायाम अशांना विशेष हितकर ठरतो.

पुण्याच्या संशोधकांनी याच्याही पुढचे पाऊल २०१२ मध्ये उचलले. अभ्यासातील मुले-मुली किशोरवयात असतानाच त्यांच्यापैकी काहींना ब-१२ ची रोजच्या गरजेइतकी अल्प मात्रा, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळ्या सुरू करण्यात आल्या. मुलगी गरोदर राहिल्यावर उपचार सुरू करण्यास उशीर झालेला असतो, हे त्यामागील गृहीतक. त्या मुलामुलींनाही आता अपत्ये झाली असून, या तिसऱ्या पिढीचा अभ्यास पुढे चालू आहे.