सुपर तुमचं, पण खिसा वेगळा

मेलबर्न-सिडनीकडच्या मराठी घरांत कोणी ‘आमचा एसएमएसएफ काढला’ असं सांगितलं, की पाठोपाठ ‘आता पैसे आपल्या हातात’ हेही ऐकू येतं. पहिलं खरं, दुसरं अर्धंच. निवृत्तीसाठी साठवलेलं सुपर स्वतः सांभाळायचं ठरवलं, म्हणजे एसएमएसएफ काढला, की 1993 च्या ऑस्ट्रेलियन कायद्यानुसार तुम्ही त्या पैशाचे विश्वस्त होता. पैसा फंडाचा असतो, आणि तो फक्त सभासदांच्या निवृत्तीसाठी असतो. नवऱ्याने सगळे व्यवहार बघितले आणि बायकोने नुसती सही केली, तरी जबाबदारी दोघांवर सारखीच. विश्वस्त झाल्यावर 21 दिवसांत एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. ते दोघांनी शेजारी बसून, प्रत्येक ओळ समजून घेऊन वाचावं असं मी कळकळीने सांगेन.

‘घराचा हप्ता अडलाय, महिनाभर वापरू आणि व्याजासकट परत टाकू.’ असं चालत नाही. फंडातून सभासदाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज देता येत नाही, मग व्याज कितीही लावा. नोव्हेंबर 2024 पासूनच्या दराने या चुकीचा दंड 19,800 डॉलर आहे. नवरा-बायको व्यक्तिशः विश्वस्त असतील तर तो प्रत्येकाला वेगळा बसतो. कंपनी विश्वस्त असेल तर एकदाच, पण संचालकांनी मिळून भरायचा. दंड फंडातून भरता येत नाही, स्वतःच्या खिशातूनच जातो. आणि कळल्याशिवाय राहत नाही, कारण दरवर्षी स्वतंत्र ऑडिटरकडून तपासणी सक्तीची आहे. गंभीर उल्लंघन दिसलं तर ते कर कार्यालयाला कळवणं ऑडिटरवर बंधनकारक असतं. वर्षभर फंडात एक डॉलरही आला नसेल तरी ऑडिट चुकत नाही.

सोन्याबद्दलचा गैरसमज आपल्याकडे जास्त. ‘बांगड्या म्हणजे गुंतवणूकच की.’ फंडाने दागिना विकत घेतला तर तो तुम्हाला किंवा नातेवाइकांना लग्नातसुद्धा अंगावर घालता येत नाही आणि स्वतःच्या घरी ठेवता येत नाही. घेतल्यापासून सात दिवसांत त्याचा विमा फंडाच्या नावाने काढावा लागतो. आजीच्या पाटल्या फंडाला ‘विकणं’ तर बंदच, कारण सभासदाकडून अशी वस्तू फंडाला घेता येत नाही. फंडाच्या पैशाने घेतलेल्या घरात मुलीला भाड्याने ठेवतानाही असंच अडतं. ती बाजारभावाने भाडं भरत असली तरी ते चालत नाही.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र परतीचा आहे. ‘निवृत्तीनंतर पुण्यात राहू, फंड मोबाइलवरून चालवू.’ फंडाला 15 टक्क्यांची करसवलत मिळते ती तो ऑस्ट्रेलियन फंड असल्यामुळे. त्याचे मोठे निर्णय सामान्यतः ऑस्ट्रेलियातच व्हायला हवेत. तात्पुरतं बाहेर राहिलात तर दोन वर्षांची मुभा आहे, कायमचं निघालात तर तिचा आधार धरता येत नाही. परदेशात असताना फंडात नवे पैसे भरले तर आणखी एक कसोटी लागते: भरणा करणाऱ्या सभासदांच्या एकूण शिलकीपैकी किमान निम्मी रक्कम ऑस्ट्रेलियातल्या रहिवाशांची असावी लागते. दोघंही बाहेर आणि एकाने जरी भरणा केला, तरी फंड नापास. मग करानंतरच्या पैशातून भरलेली रक्कम वगळून उरलेल्या मालमत्तेचं बाजारमूल्य त्या वर्षाचं उत्पन्न धरतात आणि त्यावर 45 टक्के कर बसतो. आयुष्यभराच्या बचतीचा जवळजवळ निम्मा भाग एका स्थलांतरात जाऊ शकतो.

यावर उपाय निघण्याआधी करायचा असतो. इथल्या विश्वासू माणसाला कायमस्वरूपी मुखत्यारपत्र देऊन आपल्या जागी विश्वस्त किंवा संचालक नेमता येतं, पण निर्णय खरोखर त्यानेच घ्यायला हवेत. पुण्याहून फोनवर हुकूम सोडले तर त्या कागदाला अर्थ नाही. तेवढा विश्वासू माणूस नसेल तर पैसे मोठ्या सार्वजनिक फंडात वळवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सुधारणांबद्दलही बरीच घबराट आहे. सुपरमधल्या 30 लाख डॉलरपुढच्या शिलकीवरच्या कराची पहिली घोषणा फेब्रुवारी 2023 मध्ये झाली, तेव्हा न विकलेल्या मालमत्तेच्या कागदोपत्री वाढीवरही तो लागणार होता. ऑक्टोबर 2025 च्या सुधारित आराखड्यात ती वाढ वगळली. 30 लाखांपुढच्या शिलकीच्या वाट्याला येणाऱ्या कमाईवर एकूण 30 टक्के, एक कोटीपुढच्या वाट्यावर 40 टक्के, आणि सुरुवात 1 जुलै 2026 पासून, असा तो आराखडा आहे. ही मर्यादा माणसागणिक आहे, फंडागणिक नाही. त्यामुळे दोन फंड काढून ती चुकवता येत नाही. बहुतेक कुटुंबांना हा कर शिवणारही नाही. पण दर 30 जूनला मालमत्तेचं बाजारमूल्य पुराव्यासह लावायचा नियम जुनाच आहे आणि तो छोट्या फंडालाही लागू आहे.

ज्यांची स्वतःची कंपनी आहे त्यांना दुसरा बदल जास्त जाणवेल. पगाराच्या 12 टक्के सुपर तिमाहीला भरण्याची सवय 1 जुलै 2026 पासून मोडावी लागेल. पगार झाल्यापासून कामाच्या सात दिवसांत पैसे फंडात पोचायला हवेत, आपल्याच फंडात भरत असलो तरी.

‘बुडालं तर सरकार देईल’ हेही मनातून काढावं. 2009 मध्ये ट्रायो कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी फसवणुकीत कोसळली. सरकारी देखरेखीखालच्या फंडांच्या सभासदांना 2011 मध्ये सुमारे साडेपाच कोटी डॉलर भरपाई मिळाली, एसएमएसएफवाल्यांना त्यातलं काहीच नाही.

राहिला वारसाचा प्रश्न. सुपर आपोआप मृत्युपत्रात येत नाही. नामनिर्देशन दर तीन वर्षांनी रद्द होतं, हा समज एसएमएसएफला लागू नाही, असा निकाल ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला. फंडाच्या दस्तात तशी मुदत लिहिली असेल तर मात्र ती पाळावी लागते. आणि नाशिकच्या भावाचं नाव थेट लावता येत नाही, तो तुमच्यावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून नसेल तर. त्याला द्यायचं असेल तर नामनिर्देशनात तुमच्या इस्टेटीचा कायदेशीर प्रतिनिधी लिहायचा आणि भावाचं नाव मृत्युपत्रात घालायचं.